निळ्या दोऱ्याचं वचन

वर्षाच्या पहिल्या सकाळी चर्चमधली उपासना संपली की मंडळीतल्या प्रत्येकाला एक पिशवी मिळे. पिशवी म्हणजे केवढी, तर अंगठ्याएवढी. आत शास्त्रातलं एक वचन लिहिलेली चिठ्ठी आणि तोंड शिवून बंद केलेलं. टोपलीत हात घालायचा, न बघता एक उचलायची, घरी जाऊन टाके उसवायचे, आणि जे निघेल ते वर्षभर आपलं. कोणी ती कोटाच्या आतल्या खिशात ठेवी, कोणी उशीखाली. निवडायची नाही आणि बदलायची नाही, एवढाच काय तो नियम.

पिशव्या शिवायचं काम थोरलीकडे होतं. ती शिंपीण होती. कॉलरला दोरा ओवलेली सुई कायम टोचलेली, म्हणून सगळे तिला सुईबाई म्हणत. फक्त तिची धाकटी बहीण, आणि पुढं बहिणीचा नवरा, तिला ताई म्हणत. आई लवकर गेलेली, त्यामुळे धाकटीच्या वेण्या घालण्यापासून लग्नात तिला उभं करण्यापर्यंत सगळं थोरलीनंच केलेलं. तिला स्वतःला लिहा-वाचायला फुरसत मिळाली ती फार उशिरा, केस पिकायला लागल्यावर. तेही धाकटीनंच शिकवलं. "तू मला चालायला शिकवलंस, मी तुला वाचायला. फिटलं," असं धाकटी म्हणायची.

वर्ष संपत आलं की चर्चच्या पाळकांची बायको, पाळकीणबाई, चिठ्ठ्यांचा डबा घेऊन थोरलीच्या दुकानात येऊन बसे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. वर्षभरात उरलेल्या चिंध्या थोरलीनं जपून ठेवलेल्या असत. शाळेच्या गणवेशाच्या, कोणाच्या पडद्याच्या, कोणा नवरदेवाच्या कोटाच्या. पाळकीणबाई एकेक वचन मोठ्यानं वाचे, घडी घालून पिशवीत सारी आणि थोरली तोंडाला चार टाके घालून गाठ मारी. ऐकता ऐकता दोघींची निम्मी उपासना तिथंच होऊन जाई.

त्या वचनांत एक वचन आळशी माणसाला मुंगीकडे पाठवणारं असे. जा, तिच्याकडून काही शीक, अशा अर्थाचं. मंडळीत सगळे त्या वचनाला भ्यायचे. ज्याला ते निघे त्याची वर्षभर थट्टा होई. आदल्या वर्षी ते पाववाल्याला निघालं होतं. बिचारा पहाट व्हायच्या आधीपासून भट्टीपुढं उभा राहणारा माणूस, पण वर्षभर त्याला मुंगीशेठ हेच नाव पडलं. ते वचन काढून टाका, असं लोकांनी किती वेळा सांगितलं, पण पाळकीणबाई ऐकत नसे. म्हणे, नुसतं गोडच वाढलं तर पोट बिघडतं, थोडं मीठही हवं.

या वर्षी थोरलीचं लक्ष हातात नव्हतं. धाकटीच्या नवऱ्याच्या आतड्यात गाठ निघाली होती.

तो रंगारी होता. उंच शिड्यांवर चढून घरं रंगवणारा, हसरा, नखांच्या कडांना कायम कुठला ना कुठला रंग. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं की गाठ आज काढण्यासारखी आहे, उद्याचं सांगता येत नाही. नव्या वर्षाच्या दुसऱ्या आठवड्यात ऑपरेशन करू. तारीख ठरली. पण धाकटीनं धास्ती घेतली ती घेतलीच. त्यांचे वडील ऑपरेशनच्या टेबलावरूनच परत आले नव्हते. धाकटी तेव्हा लहान होती, दवाखान्याच्या बाकावर बसून सबंध दिवस वाट बघत होती, आणि शेवटी वडिलांचे बूट तेवढे तिच्या हातात दिले होते. तेव्हापासून दवाखाना म्हटलं की तिचे हात गार पडत. ऑपरेशनचं ठरल्यापासून ती जेवत नव्हती. मी काही त्याला आत सोडायची नाही, असं दोनदा थोरलीपाशी बोलून गेली होती.

पाळकीणबाईनं वाचता वाचता एक वचन वाचलं. मरण नाही, जगणं आहे. जगून देवाची कामं सांगशील, अशा अर्थाचं. थोरलीची सुई थांबली. हेच, तिला वाटलं. हे एकदा धाकटीच्या हातात पडलं तर तिला धीर येईल, आणि ती नवऱ्याचा हात धरून दवाखान्याची पायरी चढेल.

सुईत पांढरा दोरा होता. शेजारी निळ्याचं रीळ पडलं होतं. पाळकीणबाई पुढची चिठ्ठी चष्म्याजवळ धरून अक्षर लावत होती, तेवढ्यात थोरलीनं ती एक पिशवी निळ्या दोऱ्यानं शिवली. गाठही तिनं वेगळी मारली, दुहेरी. मनाशी म्हणाली, बायकांच्या बाजूला टोपली मीच फिरवते; धाकटीपुढं आले की ही वर सरकवीन. एवढंच. कोणाचं काय बिघडलं?

पण नव्या वर्षाच्या सकाळी धाकटी आलीच नाही. नवऱ्याच्या पोटात दुखायला लागलं होतं. पाळकांनी प्रार्थनेत रंगाऱ्याचं नाव घेतलं आणि नंतर थोरलीला पुढं बोलावलं. आजारामुळं घरी राहिलेल्या कुटुंबासाठी नातलगानं एक पिशवी काढायची आणि न उघडता पोचवायची, अशी रीत होती. टोपली तिच्यापुढं धरून पाळक म्हणाले की बहिणीसाठी प्रार्थना करा आणि काढा.

सगळ्यांच्या देखत तिनं डोळे मिटले. खरोखर प्रार्थना केली. हात घातला, पिशवी काढली. डोळे उघडून बघते तो पडद्याच्या चिंधीची, पांढऱ्या दोऱ्याची. तिनं ती खिशात टाकली. टोपली पुढं गेली. मुंगी कोणाला, मुंगी कोणाला, म्हणून लोक एकमेकांच्या पिशव्या चाचपत होते, पाववाला तर मुंगीचं वर्ष संपल्याच्या आनंदात सगळ्यांना फुकट पाव वाटायला निघाला होता.

उपासनेनंतर टोपली मागच्या खोलीत आली. दर वर्षी चारदोन पिशव्या जास्तीच्या असत. थोरली टोपली आवरायला गेली आणि तळाशी निळा दोरा दिसला.

एवढ्या माणसांचे हात टोपलीत गेले आणि नेमकी ही कोणाच्याच हाती लागली नाही. राहिली म्हणजे धाकटीसाठीच राहिली, तिनं मनाशी ठरवून टाकलं. माणसाला जे हवं असतं त्याला तो लगेच देवाची सही मिळवून देतो. तिनं निळी पिशवी उचलली. या गडबडीत स्वतःसाठी एक काढायची राहिली, हेही तिच्या ध्यानात आलं नाही.

धाकटीच्या घरी रंगारी खिडकीजवळच्या पलंगावर उशीला टेकून बसला होता. धाकटीनं टाके उसवले, चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली आणि मटकन खाली बसली. मग नवऱ्याच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. किती दिवसांनी रडली. थोरलीच्या जिवात जीव आला. साधलं, असं तिला वाटलं.

धाकटी डोळे पुसत उठली. तिचा चेहरा इतका स्वच्छ दिसत होता, जणू आजारातून तीच उठली आहे.

"ताई," ती म्हणाली, "आता ऑपरेशनची गरजच नाही."

थोरलीला आधी कळलंच नाही. मग ती घाईनं म्हणाली की अगं, तसं नाही, वचन धीरासाठी असतं, दवाखान्यात जाताना बरोबर न्यायचं. धाकटी शांतपणे म्हणाली की देवानं जगशील म्हटल्यावर वर सुरी कशाला? ज्याच्यावर विश्वास ठेवला त्याच्या शब्दावर पुन्हा डॉक्टरची मोहर मारून घ्यायची का? आणि रंगारी हसून म्हणाला की वा, सुंठीवाचून खोकला गेला. त्याच्या हसण्यात केवढी सुटका होती, ते थोरलीला ऐकू आलं.

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण बहिणीचा तो चेहरा बघून तिनं ते मिटून घेतलं. उद्या सांगू, असं म्हणून ती घरी आली. पांढऱ्या दोऱ्याची पिशवी तिनं मशिनीच्या खणात दोऱ्याच्या बॉबिनांच्या खाली ठेवली आणि खण लावून टाकला.

दुसऱ्या दिवशी धाकटीनं दवाखान्यात कळवून तारीख रद्द केली.

पापाची एक गंमत असते. करताना ते सुईएवढं असतं आणि मग कापडावर कुठंही हात ठेवा, बोटाला तेच टोचतं. थोरलीचं तसं झालं. काज करताना बोटं रक्ताळू लागली. एका बाईच्या झग्याला तिनं डावी बाही उजवीकडे जोडली. जन्मात असं झालं नव्हतं. बाई हसली, सुईबाई, या वयात प्रेमात पडलात की काय, म्हणाली. थोरलीनं बाही उसवली आणि उसवताना तिला वाटलं की सगळंच असं उसवता आलं असतं तर.

प्रार्थनेला बसली की जीभ जड व्हायची. जगण्याच्या वचनाबद्दल आभार कसे मानायचे? आणि नाही मानले तर काय मागायचं? मग ती मनाची समजूत घाली. देवानं माझ्या हातूनच केलं असेल तर? शास्त्रात देव गाढवाच्या तोंडूनही बोलला आहे, मग शिंपिणीच्या हातून का नाही? असं म्हटलं की घटकाभर बरं वाटे. पण गाढवानं निदान निळा दोरा वापरला नव्हता.

रविवारी उपासनेत धाकटी साक्ष द्यायला, म्हणजे देवाचा आपला अनुभव सांगायला, उभी राहिली. वडिलांच्या मरणापासून मी देवाला मनातून घाबरत होते, तिनं सांगितलं, या वर्षी पहिल्यांदा तो माझ्याशी माझ्या नावानं बोलला. आणि वचन आणलं माझ्या ताईनं, जिनं मला आईच्या जागी वाढवलं. लोकांनी वळून थोरलीकडे पाहिलं. शेजारच्या म्हातारीनं तिचा हात धरून दाबला. थोरली पायांखालच्या फरशीकडे बघत बसली. तिला वाटलं, कोणी थोबाडीत मारली असती तर सोपं गेलं असतं.

आणि इथंच खरी अडचण होती. नुसतं ऑपरेशनचं असतं तर ती त्याच दिवशी बोलली असती. पण आता सांगितलं तर धाकटीच्या हातातून फक्त वचन जाणार नव्हतं, ज्यानं ते दिलं असं तिला वाटत होतं तोही जाणार होता. न सांगावं तर नवरा जातो, सांगावं तर देव जातो. अशी कात्री थोरलीनं जन्मभर हातात कात्री धरून कधी पाहिली नव्हती.

एका दुपारी रंगारी स्वतःच दुकानात आला. हातात पँट होती.

"ताई, कमरेत घ्यायची आहे जरा. खाली उतरते. शिडीवर असताना उतरली तर खालच्या गिऱ्हाइकाला फुकटचा खेळ."

"जावईबापू, ही तर मी मागच्याच महिन्यात घेतली."

"तेव्हा कमी घेतलीत. कंजूष शिंपीण."

ती टेप घेऊन त्याच्याभोवती वळली. टेप खोटं बोलत नाही. मागच्या वेळची तिची शिवण जिथं होती तिच्या चार बोटं आत आता कंबर होती. शर्टाखाली हाडाचा कंगोरा तिच्या हाताला लागला. तिनं विचारलं, दुखतं का? तो म्हणाला, बायको म्हणते देव चरबी उतरवतोय. मग थट्टा सोडून तो म्हणाला की रात्री दुखतं, पण तिला सांगत नाही, नाहीतर तिचा विश्वास डगमगेल.

म्हणजे तिच्या एका निळ्या दोऱ्यानं आता हा माणूसही दुखणं लपवायला शिकला होता. तो गेल्यावर ती पँट मांडीवर घेऊन बसली. आत घ्यायला कापड पुष्कळ होतं. हात चालेना.

ती उठून तडक पाळकांच्या घराकडे गेली. पाळकीणबाई उपासनेच्या खोलीत बाकं पुसत होती. थोरलीनं दुसरं फडकं घेतलं आणि तीही पुसायला लागली. मग थोरलीनं उगाच विचारल्यासारखं विचारलं की बाई, कोणाला कुठलं वचन जाणार याची तुम्हाला काळजी नाही वाटत? भलत्याला भलतं गेलं तर?

"पूर्वी वाटायची," पाळकीणबाई म्हणाली. "मग ध्यानात आलं, कोणाच्या हाती काय पडणार ते मला ठाऊक नसतं, म्हणून तर मला झोप लागते. ठाऊक असतं तर मला देव व्हावं लागलं असतं. ते काम मला झेपायचं नाही." तिनं फडकं पिळलं. "या वर्षी मुंगी कुठं गेली कळेना. कोणी कबूलच होत नाही. पाववाला म्हणतो, मुंगी देशोधडीला लागली."

थोरलीच्या तोंडाशी सगळं आलं होतं. इथं सांगितलं असतं तर पाळकीणबाईनं पाठीवर हात ठेवला असता, दोघींनी प्रार्थना केली असती आणि मन हलकं झालं असतं. पण हलकं कोणाचं? तिनं फडकं बाकावर वाळत घातलं. ज्याचं आहे त्यालाच द्यायला हवं, हे तिला तिथं कळलं. ती घरी गेली, खण उघडला, बॉबिनांखालची पिशवी काढली आणि धाकटीच्या घराची वाट धरली.

धाकटी अंगणात नवऱ्याचे ब्रश तेलात बुडवून साफ करत होती. त्याला पुढच्या महिन्यात शाळेच्या भिंतींचं काम मिळालं होतं. ती गुणगुणत होती. बहिणीला बघून म्हणाली, ये, चहा टाकते.

"चहा नको. आत चल. त्याच्यासमोर बोलायचं आहे."

रंगारी पलंगावर पडून होता, उठून बसला. थोरली बसली नाही. बसली तर रडेल आणि मग तिलाच समजवावं लागेल, हे तिला ठाऊक होतं. उभ्यानंच तिनं सांगितलं. निळा दोरा कसा घातला. देवापुढं डोळे मिटून एक पिशवी काढली, ती कशी खिशात ठेवली. टोपलीच्या तळाशी दुसरी कशी दिसली आणि ती कशी उचलली. कुठंही तिनं 'पण' म्हटलं नाही. मी तुझ्या भल्यासाठीच, हे वाक्य जिभेच्या टोकावर आलं होतं, तेही गिळलं.

धाकटीच्या हातातल्या ब्रशातून तेल फरशीवर ठिबकत होतं.

"म्हणजे देव काही बोललाच नाही," ती म्हणाली.

"बोलला असेल. मी मधे उभी राहिले."

"तू मला वाढवलंस ना ताई? मग तुला एवढंही वाटलं नाही की मी भ्यायले तरी शेवटी जाईन त्याच्याबरोबर? तुला देवाचा भरवसा नव्हता, ते तुझं तू बघ. माझाही नव्हता?"

थोरलीनं पांढऱ्या दोऱ्याची पिशवी टेबलावर ठेवली. म्हणाली, ही तुझी, मी उघडलेली नाही.

धाकटी पिशवीकडे नुसती बघत राहिली. मग तिनं तेलकट बोटांनीच टाके ओढले, चिठ्ठी उलगडली, वाचली. चेहऱ्यावर काही उमटलं नाही. तिनं ती नवऱ्याला दिली.

रंगाऱ्यानं वाचली आणि त्याच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. तो पोट धरून हसत होता. हसताना दुखत होतं, म्हणून कण्हत होता आणि तरी हसत होता.

"मुंगी," तो म्हणाला. "सगळी मंडळी शोधतेय, आणि मुंगी मशिनीच्या खणात."

कोणीच हसलं नाही. त्याचंही हसू हळूहळू विरलं. चिठ्ठी त्यानं गुडघ्यावर सपाट केली, भिंतीवरचा पोपडा दाबावा तशी.

"ताईंना एकट्यांना बोलू नकोस," तो बायकोला म्हणाला. "तू ते वचन वाचलंस तेव्हा मला काय वाटलं सांगू? सुटलो. मलाही आत जायची भीती वाटत होती, आणि बायको भ्यायली म्हणून मी भ्यायलो नाही असं दाखवत होतो. लोक म्हणाले केवढा विश्वास. विश्वास कसला, लपायला आडोसा मिळाला. वचनाच्या मागं लपलो मी. भिंतीला ओल आली की तिच्यावर नुसता रंग मारून चालत नाही, हे मी गिऱ्हाइकांना सांगतो. आधी खरवडावं लागतं." तो थांबला. "मुंगी काय करते? वेळेत करते. उद्या चल, डॉक्टरकडे जाऊ."

धाकटीनं फरशीवरचं तेल पुसायला घेतलं. पुसता पुसता, वर न बघता, म्हणाली, "ताई, तू जा आता."

थोरली गेली.

डॉक्टरांनी नवी तारीख दिली, पण आधी चांगलं फैलावर घेतलं. मधल्या दिवसांचा हिशोब शरीर ठेवतं, असं काहीसं म्हणाले. हे थोरलीला रंगाऱ्याकडून कळलं, तो पँट न्यायला आला तेव्हा. धाकटी आली नाही. रविवारच्या उपासनेत ती थोरलीपासून वेगळ्या बाकावर बसू लागली. पाळकीणबाईला आणि मग मंडळीला थोरलीनं स्वतः उठून सांगितलं. कोणी नाक मुरडलं, कोणी डोळे पुसले. पाववाला तेवढा नंतर येऊन म्हणाला की सुईबाई, मुंगी तुमच्याकडे होती तर सांगायचं तरी, मी वर्षभर सराव केला होता. पुढच्या वर्षी पिशव्या दुसऱ्या कोणाकडून शिवून घ्या, असं थोरली पाळकीणबाईला म्हणाली. पाळकीणबाई म्हणाली की पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू.

ऑपरेशनच्या सकाळी तिला कोणी बोलावलं नव्हतं. तरी ती गेली. दवाखान्याच्या लांब बोळात भिंतीलगत खुर्च्या होत्या. धाकटी एका टोकाला, दाराजवळ, नवऱ्याचे बूट मांडीवर घेऊन बसली होती. थोरली दुसऱ्या टोकाला बसली. बूट पाहिले आणि तिला तो जुना दिवस आठवला, तो बाक, ती लहान मुलगी. उठून जवळ जावंसं वाटलं. पण आपला हक्क आता तेवढा उरला नाही, हे तिला कळत होतं. ती जागेवरच बसली.

या वर्षी तिच्या वाट्याला वचन नव्हतं. आजवर तिनं प्रार्थना केली होती ती कुठल्या ना कुठल्या वचनाचा पदर धरून. आज हात रिकामे होते. हे देवा, एवढं म्हणून ती थांबली. जगव, असं म्हणायचं होतं, पण तिला वाटलं की मी पुन्हा त्याच्या टोपलीत हात घालते आहे की काय. मग ती पुढं काहीच बोलली नाही. नुसती त्याच्यापुढं बसून राहिली, गुन्हेगार बसतो तशी. आणि तिचं तिलाच नवल वाटलं, की उठून जा असं तिला कोणी म्हटलं नाही.

भिंतीवरचं घड्याळ चालत होतं. नर्स आत-बाहेर करत होत्या. मग धाकटी उठली. बूट उचलून आली आणि थोरलीच्या शेजारची एक खुर्ची मोकळी सोडून बसली. बूट तिनं त्या मधल्या खुर्चीवर ठेवले. खिशातून तिनं ती पडद्याच्या चिंधीची पिशवी काढली. तोंड उघडं, दोरे लोंबत होते, आतली चिठ्ठी पडायला आली होती.

"आत नेताना त्यानं माझ्याकडे दिली," ती समोर बघत म्हणाली. "म्हणाला, हरवू नकोस. हरवेल असं वाटतंय. शिवून दे."

थोरलीनं कॉलरची सुई काढली. दोरा पांढरा होता. पहिला टाका वाकडा पडला, तो तिनं उसवला आणि पुन्हा घातला.

"तुझ्यावर मी अजून रागावलेली आहे," धाकटी म्हणाली.

"असू दे."

"गाठ साधी मार."

तिनं साधी गाठ मारली, दोरा दातानं तोडला आणि पिशवी बहिणीच्या तळहातावर ठेवली. धाकटीनं मूठ मिटली. तेवढ्यात दार उघडलं.

डॉक्टर बाहेर आले. गाठ निघाली, म्हणाले. आधी काढली असती तर आतडं कमी कापावं लागलं असतं, सगळं निघालं की नाही ते तपासणीनंतर कळेल, आज तरी माणूस जागा होईल. धाकटीनं मान हलवली. थोरलीनं 'आधी' हा शब्द ऐकला आणि तो आपल्या नावावर लावून घेतला. तो आता तिथंच राहणार होता.

धाकटी आत जायला निघाली. दारापाशी थांबून तिनं मागं पाहिलं.

"बूट घेऊन ये," ती म्हणाली. "आज त्याला ते लागणार नाहीत. पण घेऊन ये."

थोरलीनं खुर्चीवरचे बूट उचलले. टाचेला निळ्या रंगाचा एक थेंब कधीचा वाळून बसला होता. तिनं तो नखानं खरवडून पाहिला, निघाला नाही. बूट दोन्ही हातांनी छातीशी धरून ती बहिणीच्या मागून आत गेली.